शिरस्त्राणावरील कॅमेरा
हिमाच्छादित उतारावरून स्कीवर धावणाऱ्याची दृष्टी प्रेक्षकास लाभावी, हा हव्यास जुनाच. फ्रायबुर्गच्या आर्नोल्ड फांकने 1920 साली स्कीविद्येवरील चित्रपट सिद्ध केला, तेव्हा त्याच्या छायालेखकांस स्वतःच स्कीपटू होणे प्राप्त झाले. 1969 च्या बाँडपटासाठी स्वित्झर्लंडातील शिल्टहॉर्नच्या मुलखात विली बोग्नर हाती कॅमेरा धरून चक्क पाठमोरा घसरत गेला. हे धाडस की वेडेपणा, याचा निवाडा मी करीत नाही. पुढे 1987 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मार्क शुल्झ याने, स्कीसाठी नव्हे, डोंगरी सायकलसाठी, मोटारसायकलच्या शिरस्त्राणास व्हिडिओ कॅमेरा जखडून त्याची तार पाठीवरील पिशवीतल्या रेकॉर्डरपर्यंत नेली. हा घरगुती सरंजाम अवजड खरा, तथापि त्याने हात मोकळे ठेवले, आणि दोन्ही काठ्या सांभाळणाऱ्या स्कीपटूस हवे होते तेही नेमके हेच.