अडकलेल्या काडतुसाचा इतिहास : १९११ च्या अमेरिकी पिस्तूल-चाचणीच्या संदर्भात

आधुनिक शस्त्रास्त्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या बाबतीत हा मान जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५-१९२६) यांच्याकडे जातो. महाराष्ट्राला हे नाव अपरिचित नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. तथापि, पिस्तुलाची खरी कसोटी गोळी सुटण्यात नसून पुढचे काडतूस बिनचूक नळीत जाण्यात आहे, याकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात ब्राउनिंग यांच्या प्रतिभेऐवजी या बिघाडाचाच मागोवा घेतला आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र घर असते. एक काडतूस वाया गेले तरी चाप पुन्हा ओढला की दुसरे समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र क्षणाच्या अंशात साखळीच घडावी लागते : स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते, मॅगझिनमधील स्प्रिंग पुढचे काडतूस वर उचलते, परतणारी स्लाइड त्याला पुढे ढकलते आणि काडतुसाचे टोक उतरणीवरून चढून नळीच्या कोठीत शिरते. यातील एक कडी चुकली की शस्त्र निकामी होते आणि ते मोकळे करण्यास दोन्ही हात लागतात. एका हाती लगाम धरणाऱ्या घोडदळाचा या नव्या शस्त्रावर विश्वास बसत नव्हता, तो उगाच नव्हे.

अमेरिकी सैन्याची अडचण मुळात वेगळी होती. फिलिपाइन्समधील मोहिमांत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरे ठरले. १९०४ साली थॉम्पसन व ला गार्ड यांनी चाचण्यांअंती ०.४५ इंचापेक्षा कमी व्यासाची गोळी नको, असा अभिप्राय दिला. जड गोळी मान्य झाली, पण ती मॅगझिनमधून चढवायची कशी? रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये एकावर एक रचताना अशा कडा एकमेकींत अडकतात. म्हणून ब्राउनिंग यांनी ०.४५ साठी बाहेर न येणारी कड असलेले काडतूस योजले. म्हणजे पिस्तुलाचा प्रश्न अर्धा काडतुसातच सुटला होता.

१९०७ च्या चाचणीनंतर ल्यूगर पिस्तूल बनविणाऱ्या जर्मन कंपनीने पुढे माघार घेतली आणि स्पर्धेत कोल्ट व सॅव्हेज या दोघीच उरल्या. १९१० च्या अखेरीस दोघींपैकी एकीचेही पिस्तूल निर्दोष ठरले नाही. मार्च १९११ मध्ये मात्र प्रत्येक पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडण्यात आल्या. ठरावीक फैरींनंतर पिस्तूल थंड होऊ दिले जाई आणि दर हजार गोळ्यांनंतर ते साफ करून तेल दिले जाई. सॅव्हेजच्या नावावर ३७ बिघाड नोंदले गेले; ब्राउनिंग यांच्या आराखड्याच्या कोल्टच्या नावावर एकही नाही. २९ मार्च १९११ रोजी कोल्टचा स्वीकार झाला. या शून्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकास ३७ हा आकडा अधिक बोलका वाटतो. कारण बिघाड हा नशिबाचा भाग न मानता मोजण्याची बाब मानणारी शिस्त त्यात दिसते.

या शिस्तीचा एक साधा पुरावा त्या पिस्तुलाच्या आरंभीच्या मॅगझिनमध्ये सापडतो. तिच्या वरच्या व खालच्या भागांचे रंग वेगळे दिसतात. संग्राहकांना ही शोभा वाटते. वस्तुतः काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ वाकू नयेत म्हणून तेवढाच भाग उष्णता देऊन कठीण केला जाई. हे ओठ किंचित फाकले तर काडतूस वेळेआधी सुटते, आवळले तर उशिरा सुटते आणि स्प्रिंग थकली तर ते पुरेसे वर येत नाही. म्हणूनच जाणता कारागीर पिस्तूल उघडण्याआधी मॅगझिन बदलून पाहतो. दोष मॅगझिनबरोबर गेला तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारण उरत नाही. शस्त्राचा सर्वांत स्वस्त सुटा भागच बहुधा त्याची विश्वासार्हता ठरवितो. चरित्रांत मात्र त्याला ओळभरही जागा मिळत नाही.

शिवाय ते शून्य एका विशिष्ट काडतुसापुरते होते. १९११ ची उतरण गोल टोकाच्या, पूर्ण धातुवेष्टित गोळीसाठी घडविलेली होती. पुढे नागरी वापरात खोलगट, रुंद टोकाच्या गोळ्या आल्या, तेव्हा हेच नामांकित पिस्तूल अडखळू लागले आणि कारागिरांना उतरण घासून गुळगुळीत करावी लागली, कोठीचे तोंड रुंद करावे लागले. सैन्याने मात्र गोल टोकाची गोळी सोडली नाही, आणि १९८५ मध्ये बेरेटा पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच पिस्तूल अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.