हॉट डेक पद्धत (जनगणना)

ज्या घराची माहिती प्रगणकाला मिळत नाही, त्या घराचा रिकामा रकाना शेजारच्या तशाच घराच्या माहितीवरून भरण्याची संख्याशास्त्रीय रीत. ज्या कुटुंबाची माहिती उचलली जाते त्याला ‘दाता’ म्हणतात; दात्याला अर्थात या दानाची वार्ताही नसते.

नाव पंचकार्डांच्या काळातले. यंत्रातून त्या वेळी जात असलेला कार्डांचा गठ्ठा तो ‘हॉट डेक’, आधीच्या पाहणीतला जुना गठ्ठा तो ‘कोल्ड डेक’. एखाद्या कार्डावर वय नसेल, तर नुकत्याच पुढे सरकलेल्या मिळत्याजुळत्या कार्डावरचे वय तिथे येई. अमेरिकेच्या जनगणनेत ही रीत 1960 पासून रुळली.

एकट्या वयाचा प्रश्न सोपा. अख्खे घरच गप्प असेल तर पेच येतो. त्या पत्त्यावर घर आहे का, असल्यास त्यात कोणी राहते का, राहत असल्यास किती जण, हे तिन्ही ठरवावे लागते. 2000 साली दाता निवडताना एक मार्मिक अट होती : तो सर्वांत जवळचा आणि त्याच प्रकारचा, म्हणजे फ्लॅटला फ्लॅट, बंगल्याला बंगला, तर हवाच, शिवाय त्यानेही टपालाने अर्ज परत पाठवलेला नसावा. टाळाटाळ करणाऱ्याची जागा टाळाटाळ करणाऱ्यानेच भरावी, हे शहाणपणाचेच. तरीही शेवटी दार उघडणारे आणि कधीच न उघडणारे सारखेच असतात, हे गृहीतक उरतेच.

त्या वर्षी या रीतीने सुमारे 12 लाख माणसे मोजणीत आली; लोकसंख्येच्या जेमतेम 0.4 टक्के. पण नॉर्थ कॅरोलिनाची संख्या 0.4 टक्क्यांनी वाढली आणि युटाची 0.2 टक्क्यांनीच. तेवढ्याने प्रतिनिधिगृहाची एक जागा युटाऐवजी नॉर्थ कॅरोलिनाला गेली. राज्यघटनेला ‘प्रत्यक्ष गणना’ हवी आहे, आणि जागावाटपासाठी नमुना पाहणी वापरण्यास न्यायालयाने 1999 मध्येच मनाई केली आहे, असे म्हणत युटा न्यायालयात गेले. ‘युटा विरुद्ध इव्हान्स’ खटल्यात 20 जून 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जनगणना खात्याच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानुसार नमुना पाहणी मुळातच थोड्यांना गाठते. इथे प्रत्येक घर गाठण्याची खटपट आधी झालेली असते. निकाल पटण्याजोगा आहे, कारण रकाना कोरा ठेवणे म्हणजे त्या घरात शून्य माणसे धरणे, आणि तोही अंदाजच.

युटाला चौथी जागा 2010 च्या जनगणनेनंतर मिळाली.