व्हिलाचा पूल निवडताना: कोटेशनमध्ये नसलेला प्रश्न

आज पुलाची गोष्ट आहे. नदीवरचा पूल नाही हो, पोहायचा.

अलिबाग, लोणावळा, कर्जत, नाहीतर उत्तर गोवा. मित्रांबरोबर वीकेंडचं घर शोधताना आपण ॲपवर कुठला फिल्टर लावतो? 'प्रायव्हेट पूल'. म्हणून घर भाड्याने द्यायचं ठरवलेला प्रत्येक जण आधी पूल बांधायला निघतो. कंत्राटदार त्याला एक कोटेशन देतो. काँक्रीट, फायबरग्लास की लायनर? चौकोनी की वळणदार? टाइल निळी की हिरवी? इन्फिनिटी एज हवा का?

मी सॉफ्टवेअरवाला आहे. कुठलीही सेटिंग्जची स्क्रीन दिसली की मला वाटतं, हे पर्याय आधी कुणीतरी ठरवलेत, आणि ठरवताना काहीतरी घडलेलं असणार. तसंच या कोटेशनमागे काय घडलं ते मी शोधत गेलो. आणि लक्षात आलं की इतिहासात ज्या प्रश्नावरून सगळ्यात जास्त भांडणं झाली, तो प्रश्न या कागदावर कुठेच नाही. तो म्हणजे: या पाण्यात कोण उतरणार?

विटा, डांबर आणि एक मोरी

सुरुवात अर्थातच मोहेंजोदडोपासून. तिथलं महास्नानगृह साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सुमारे २.४ मीटर खोल. म्हणजे आजच्या बऱ्याच व्हिलांच्या पूलपेक्षा मोठं! विटा एकमेकींना अगदी चिकटवून बसवलेल्या, सांध्यांत जिप्समचा गिलावा, आणि गळती थांबवायला नैसर्गिक डांबराचा थर. दोन्ही टोकांना पायऱ्या. शेजारच्या खोलीत विहीर, आणि एका कोपऱ्यात पाणी सोडून द्यायची वाट.

आता बघा, साडेचार हजार वर्षांपूर्वी या लोकांनी चार गोष्टी सोडवल्या होत्या: पाणी कुठून येणार, झिरपणार कसं नाही, माणूस आत-बाहेर कसा करणार, आणि घाण पाणी कुठे जाणार. आजही पूल चांगला की वाईट हे याच चार गोष्टींवर ठरतं. टाइलचा रंग त्यात येत नाही.

काँक्रीटच्या पर्यायामागे तर एक भन्नाट माणूस आहे. कार्ल एकली हा मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब नमुने बनवणारा कारागीर, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये कामाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने सिमेंट-वाळूचं मिश्रण हवेच्या दाबाने फवारणारी 'सिमेंट गन' तयार केली. म्युझियमच्या इमारतीची डागडुजी त्याच यंत्राने झाली. या फवारलेल्या काँक्रीटला पुढे 'गनाइट' नाव पडलं. फवारायचंच असेल तर चौकोनी साचा लागत नाही, हवा तसा बाक देता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात घरोघरी पूल आले ते याच तंत्राने. थॉमस चर्च या उद्यान-रचनाकाराने १९४८ मध्ये सोनोमा इथल्या डॉनेल गार्डनमध्ये केलेला वळणदार पूल इतका गाजला की तसे पूल ही अमेरिकन सुबत्तेची खूणच झाली.

पूल रस्त्याकडेला आला

घरातला पूल पाहुण्यांच्या खोलीपर्यंत कसा पोचला? केमन्स विल्सन नावाचा मेम्फिसचा एक बांधकाम व्यावसायिक १९५१ मध्ये कुटुंबाला घेऊन गाडीने फिरायला गेला. मोटेलवाले मुलांचे वेगळे पैसे लावत होते, ते त्याला खटकलं. १९५२ मध्ये त्याने मेम्फिसमध्ये पहिलं 'हॉलिडे इन' सुरू केलं. मुलांना वेगळं भाडं नाही, खोलीत टीव्ही, एसी, आणि बाहेर स्विमिंग पूल. आपला 'प्रायव्हेट पूल' फिल्टर या वंशावळीतलाच. कुटुंबाने थांबायचं कारण म्हणजे पूल.

पण कुठल्या कुटुंबाने?

फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन हे गाव. १८ जून १९६४. मॉन्सन मोटर लॉज या मोटेलच्या पूलमध्ये काही कृष्णवर्णीय आणि गोरे आंदोलक एकत्र उतरले. गोरे तिथले पाहुणे होते, आणि 'हे आमचे पाहुणे' असं सांगून त्यांनी इतरांना सोबत घेतलं होतं. आठवडाभर आधी याच मोटेलच्या दारात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली होती. मॅनेजर जेम्स ब्रॉकने काय करावं? त्याने म्युरिॲटिक ॲसिड आणलं आणि माणसं पाण्यात असतानाच ते ओतलं. हे ॲसिड पूल साफ करायलाच वापरतात. आजही पूल सांभाळणाऱ्याकडे ते असतं. इतक्या पाण्यात ते पातळ झालं, पण फोटो जगभर गेला. दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक मंजूर केलं आणि २ जुलैला त्याचा कायदा झाला.

त्याच जिल्ह्यातलं एक तळं

'अमेरिकेत होतं बुवा असलं' म्हणून पुढे जाऊ नका. अलिबाग ज्या जिल्ह्याचं मुख्यालय आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे. तेव्हा त्याचं नाव कुलाबा.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात कुणाला पाण्याजवळ जाता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, आणि तळं 'शुद्ध' करायला त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतण्यात आलं.

माणूस पाण्याला शिवला म्हणून पाण्यात काहीतरी ओतायचं. महाड आणि सेंट ऑगस्टिन यांच्यात ३७ वर्षांचं अंतर आहे, पण कृती तीच.

पुढचा भाग आजच्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा. सवर्णांनी कोर्टात दावा लावला. काय म्हणणं होतं? हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे, आणि पूर्वापार वहिवाट आमचीच आहे. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.

'खासगी' हा शब्द नीट ऐका. आपल्या फिल्टरमधला 'प्रायव्हेट' तोच.

घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. दुकानं आणि हॉटेलांचाही आहे. पण मुंबईतल्या ब्रीच कँडीच्या पूलवर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं भारतीयांना बंदी होती. आणि तो पूल आहे अखंड भारताच्या नकाशाच्या आकाराचा!

आजच्या भाड्याच्या घरांचं काय? हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एअरबीएनबीवर एक प्रयोग केला होता. सगळी माहिती सारखी, फक्त पाहुण्याचं नाव बदललेलं. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांची विनंती स्वीकारली जाण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे 'ड्रायव्हर आणि मेड यांना पूलमध्ये प्रवेश नाही' ही ओळ मी एकापेक्षा जास्त लिस्टिंगमध्ये वाचली आहे. कारण विचारलं तर स्वच्छता सांगतात. पण पाणी स्वच्छ ठेवणं हे फिल्टरचं आणि क्लोरीनचं काम. क्लोरीनला कुणाची जात कळत नाही, पगारही कळत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या पूलमध्ये १९१० च्या सुमारास क्लोरीन वापरलं गेलं, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. आंघोळ करून उतरा, पोहायचे कपडे घाला, असे नियम जरूर करा. मात्र ते सगळ्यांना सारखेच असू द्या.

आणि ज्याला पोहता येत नाही त्याचं काय?

'कोण उतरणार' याची दुसरी बाजू सुरक्षिततेची. भाड्याच्या घराला ती जास्त लागू पडते. घरच्या माणसाला खोली पाठ असते. पाहुणा पाणी पहिल्यांदाच बघतो, तेही रात्री, कधीकधी दारू पिऊन. आणि त्याचं तीन वर्षांचं पोर सामान उतरवायच्या गडबडीत पूलपर्यंत पोचलेलं असतं.

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ ला कायदा केला: जमिनीतल्या खासगी पूलला कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी हवंच. जुन्या पूलना २००६ पर्यंत मुदत दिली. पण सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांना १ मे २००४ पासूनच सक्ती. म्हणजे तिथल्या सरकारनेही भाड्याचा पूल आधी धरला.

अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या तळातल्या ड्रेनला खेचली गेली. ओढ इतकी होती की आईला तिला सोडवता आलं नाही. तिच्या नावाने २००७ मध्ये ड्रेनच्या झाकणांबद्दल कायदा झाला. त्यामुळे कंत्राटदाराला टाइलच्या आधी विचारा: तळाला ड्रेन किती? दोन हवेत, एकमेकांपासून किमान तीन फुटांवर. एक झाकला गेला तरी दुसरा ओढतो.

शेवटी, पाणी कुणाचं?

१० मीटर बाय ५ मीटर, खोली चार फूट. या पूलमध्ये ६० हजार लिटर पाणी मावतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली, तिच्यात ५ लाख लिटर होतं. म्हणजे असे आठ पूल. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मे महिन्यात टँकर तिथेही फिरतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून फार उपसा केला तर तिच्यात खारं पाणी शिरतं. आणि ती विहीर एकट्या व्हिलाची नसते. जमिनीखालून शेजारच्या वाडीचंही पाणी तेच.

म्हणून माझं मत विचाराल तर क्रम असा लावा. लहान पूल, सगळीकडे चार फूट. इन्फिनिटी एजचे पैसे वाचवून चांगला फिल्टर आणि पंप, म्हणजे तेच पाणी महिनोन् महिने चालतं. आच्छादन, म्हणजे बाष्पीभवन कमी. बंद होणारं फाटक असलेलं कुंपण. खोली मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरांत. काँक्रीट की फायबरग्लास हे त्यानंतर. फायबरग्लासचं अख्खं भांडं ट्रेलरवरून येतं, तेव्हा तुमच्या गल्लीत ट्रेलर वळतो का तेवढं आधी मोजून घ्या.

आणि नियमांचा बोर्ड रंगवायला देण्याआधी एकदा महाडला जाऊन या. अलिबागहून दिवसभरात परत येता येतं.

भाग आवडला तर पुढे पाठवा, विशेषतः गावाकडे घर बांधणाऱ्या त्या एका मित्राला. भेटू पुढच्या भागात.