अर्धवट गेम लोकांच्या हातात द्यावा का? पबजी, पुण्याची 'राजी' आणि केतकरांचा ज्ञानकोश

आजची पोस्ट राजकारणावर नाही आणि पीकविम्यावरही नाही. थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरात मोबाईलवर खेळणारं लेकरू आहे त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

परवा लातूरहून येताना एसटीत आपल्याच गावातलं एक पोरगं शेजारी बसलं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे दोन मित्र मिळून मोबाईलसाठी एक गेम बनवतायत. मला म्हणाला, "काका, निम्मा झालाय. पाच लेव्हल चालतात, बाकीचं काम राहिलंय. आत्ताच लोकांना द्यावा का पूर्ण झाल्यावरच?" एक मित्र म्हणतो आत्ताच टाकू, चुका कळतील. दुसरा म्हणतो, अर्धवट माल बाजारात नेला की नाव जातं ते कायमचं. चाकूरपासून आपल्या स्टँडपर्यंत आमचं तेवढंच चाललं होतं. मी म्हणालो, विचार करून लिहितो. म्हणून ही पोस्ट.

तयार व्हायच्या आधीच गेम खेळायला देणं, याला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. पोरांना हा शब्द पाठ आहे. १७ जून २०२१ आठवतो का बघा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी मोबाईलवर बंदी घातली होती. साडेनऊ महिने पोरं तळमळत होती. मग क्राफ्टन कंपनीनं बीजीएमआय आणला, पण थेट नाही. १८ मे पासून आधी नावनोंदणी घेतली आणि १७ जूनला काही जणांसाठी अर्ली ॲक्सेस खुला केला. जागा मर्यादित. लिंक उघडली की "जागा भरल्या" असं यायचं, मग थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न. अधिकृत गेम आला २ जुलैला. मधल्या पंधरा दिवसांत ज्याच्या फोनमध्ये तो चालत होता, त्याचा गल्लीत काय रुबाब होता!

पण त्या पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. गेममधला काही डेटा चीनमधल्या सर्व्हरकडं जातोय अशी बातमी बाहेर आली. कंपनीला अपडेट काढून ती दुरुस्ती करावी लागली. म्हणजे गाजावाजा करून सगळ्यांना द्यायच्या आधी थोड्या लोकांच्या हातात गेला, म्हणून ती गोष्ट लवकर पकडली गेली. हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता थोडं मागं जाऊ. आमच्या वेळी नेट कॅफेत तासाला पैसे मोजून खेळायचो, आणि गेम पेनड्राइव्हवरून या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जायचा. कुणी बनवला, कधी बनवला, काही माहीत नसायचं. त्याच्याही आधी, १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'डूम' आला. त्यांनी पहिला भाग फुकट वाटला, फ्लॉपीवर उतरवून मित्राला द्या म्हणून सांगितलं, आणि पुढचे भाग विकले. पण तो नमुना होता. पेढेवाला हातावर एक पेढा ठेवतो तसा. तो पेढा कच्चा नसतो.

कच्चा माल उघडपणे, दर सांगून विकायची वाट दाखवली ती 'माइनक्राफ्ट'नं. स्वीडनचा मार्कस पर्सन. २००९ मध्ये त्यानं अर्धाकच्चा गेम नेटवर टाकला आणि विकायला सुरुवात केली. दर कसा लावला ते ऐका: सुरुवातीला, गेम अगदी कच्चा असताना, सुमारे १० युरो. थोडा पक्का झाला तेव्हा १५. पूर्ण झाल्यावर २०. आणि ज्यानं पहिल्यांदा १० दिले त्याला पुढचं सगळं फुकट. सरळ हिशोब आहे, जो जास्त धोका घेतो त्याला स्वस्त. पूर्ण गेम आला १८ नोव्हेंबर २०११ ला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली.

हे पाहून 'स्टीम' नावाच्या कॉम्प्युटर गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानानं मार्च २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेस असा वेगळा कप्पाच उघडला. त्या कप्प्यावर पाटी काय? गेम आत्ता आहे तसा आवडत नसेल तर घेऊ नका, थांबा. दुकानदारानंच गिऱ्हाइकाला थांबा म्हणणं, हे विशेष.

आणि याच कप्प्यातून पबजी आला. मूळचा, कॉम्प्युटरवरचा. आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन, कोरियाची ब्लूहोल कंपनी, २३ मार्च २०१७. पूर्ण करायला सहा महिने लागतील असं म्हणाले होते, लागले नऊ. डिसेंबरात पूर्ण आवृत्ती आली. पण तोवर, सहा महिन्यांच्या आतच, एक कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. अर्धवट गेमच्या. आपल्या पारावर, एसटी स्टँडमागं, कॉलेजच्या कट्ट्यावर जे "चिकन डिनर, चिकन डिनर" चालायचं त्याची सुरुवात ही अशी आहे. तेव्हा "अर्धवट गेम कोण घेतंय" हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

दुसरी बाजू मात्र काळी आहे. 'डेझी' नावाचा झॉम्बींचा गेम डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसला आला. पहिल्या महिन्याभरात दहा लाख प्रती गेल्या. त्याचा मुख्य माणूस डीन हॉल पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेला. पूर्ण आवृत्ती कधी? डिसेंबर २०१८. पाच वर्षं! दहावीत पैसे भरलेलं पोरगं तोवर पदवी घेऊन बाहेर पडतं. त्यांनी निदान पूर्ण तरी केला. काही जण पैसे घेऊन गप्प झाले ते झालेच.

आता आपल्या मुलखाकडं येतो, कारण खरी गोम इथं आहे.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाची छोटी टीम आहे. त्यांनी 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवला. राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायला किकस्टार्टरवर मोहीम काढली. ठरवलेली रक्कम जमली नाही, म्हणून काही मिळालं नाही. तरी नेट लावून गेम पूर्ण केला. १८ ऑगस्ट २०२० ला तो निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरात बाकी ठिकाणी. कौतुक झालं. पण अनेकांची एकच तक्रार होती, गोष्ट अचानक संपते आणि मारामारी काही ठिकाणी अडखळते. नंतर त्यांनी सुधारलेली आवृत्ती काढली, हिंदी आवाजही दिले.

त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्याच गेमसाठी असलेल्या पुरस्काराच्या यादीत राजीचं नाव होतं. पुण्याच्या गेमचं! पुरस्कार कुणाला मिळाला? 'फॅस्मोफोबिया'ला. भुतं शोधायचा गेम. आणि तो त्या वेळी अर्ली ॲक्सेसमध्ये होता. म्हणजे पूर्ण करून आणलेल्यानं हात चोळले आणि अर्धवट असलेला पुरस्कार घेऊन गेला.

मी इथं बराच वेळ अडकलो होतो. अन्याय म्हणावा का? मला वाटतं नाही. फॅस्मोफोबिया चार जण मिळून खेळतात, दर वेळी नवा डाव. तो कच्चा असला तरी मजा कमी होत नाही, उलट लोक सांगतील तसा वाढत जातो. राजी म्हणजे गोष्ट आहे. निम्मी गोष्ट आधी ऐकवली की पुढं कोण बसतं? कीर्तनकारानं आख्यान अर्ध्यावर सोडून "बाकीचं तयार व्हायचंय" म्हटलं तर माणसं उठून जातील. तरी यालाही वाट आहे. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं 'बाल्डर्स गेट ३'चा फक्त पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्ये दिला, जवळपास तीन वर्षं त्यावर लोकांचं ऐकून घेतलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम दिला. शेवट कुणाला फोडला नाही. राजीच्या टीमकडं असा पैसा आणि एवढा वेळ असता तर मारामारीतल्या अडचणी पहिल्या दिवसाआधीच कळल्या असत्या असं मला वाटतं. पण तीन वर्षं पगार कोण देणार, हाही प्रश्न आहेच.

पुण्याच्याच सुपरगेमिंगनं तिसरा रस्ता धरला. 'इंडस' नावाचा बॅटल रॉयल २०२२ मध्ये जाहीर केला, निवडक खेळाडूंना खेळायला देऊन चाचण्या घेतल्या आणि १६ ऑक्टोबर २०२४ ला सगळ्यांसाठी खुला केला. आधीची नावनोंदणी एक कोटीच्या पुढं गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं होतं. इथं आधी पैसे घेतले नाहीत, पण दोन वर्षं पोरांना वाट बघायला लावलं. उत्सुकता ही पण उधारीच असते राव. लांबली की माणूस दुसऱ्या दुकानात जातो.

काही जण म्हणतील, ही सगळी परदेशी फॅडं आहेत. अजिबात नाही. आपल्या मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी याहून मोठा अर्ली ॲक्सेस चालवलाय. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेलला शिकून आले आणि मराठीत ज्ञानकोश करायचं डोक्यात घेतलं. पैसा नव्हता. मग रीतसर कंपनी काढली, भाग विकले, ग्रंथ छापायच्या आधी वर्गणीदार जमवले, त्यासाठी स्वतः गावोगाव फिरले. खंड निघायला लागले १९२० च्या सुमारास. आधी प्रस्तावनेचेच पाच खंड! मग अ पासून पुढं. एकूण २३ खंड, दशक संपता संपता पूर्ण. आता कल्पना करा, वर्गणी भरलेल्या एखाद्या मास्तरला 'अ' मिळालाय आणि 'ह' यायला काही वर्षं आहेत. त्यानं विकत घेतलेली वस्तू तेव्हा जगात नव्हतीच.

मग ते लबाडी का ठरलं नाही? कारण कंपनी होती, भागधारक होते, हिशोब द्यावा लागत होता. आणि हातात आलेला प्रत्येक खंड आपल्या जागी पुरा होता. पुढचा आलाच नसता तरी 'अ'चा खंड रद्दी झाला नसता. मला त्या पोराला नेमकं हेच सांगायचंय. पाच लेव्हल देतोस तर त्या पाच लेव्हल पुऱ्या चालल्या पाहिजेत. पुढच्या पंधरांच्या नावावर पैसे मागू नको, या पाचांचे माग.

जाता जाता आणखी एक. काही मोठ्या कंपन्या अर्ली ॲक्सेसच्या नावाखाली वेगळंच विकतात. 'स्टारफील्ड'ची महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना १ सप्टेंबर २०२३ पासून खेळता आलं, बाकीच्यांना ६ पासून. गेम तोच आणि तयारच. ते पाच दिवस म्हणजे देवस्थानातला पैसेवाला पास. रांगेत पुढं घुसायची फी. त्यात सुधारणा नाही आणि लोकांचं ऐकणंही नाही. घरी लेकरू असल्या गोष्टीसाठी यूपीआयचा पिन मागत असेल तर खुशाल नाही म्हणा.

आता आपल्या भागासाठी यात काय आहे ते सांगतो. गेम बनवणारा पुण्यात किंवा बंगळूरूत महागड्या फोनवर बनवतो, त्याच्याकडं वायफाय असतं. आपल्या पोरांकडं वडिलांचा जुना फोन, स्टोरेज भरलेलं, आणि शेतात गेलं की नेटवर्कची एक काडी. पबजीचं हलकं रूप, 'लाईट', भारतात २०१९ मध्ये आलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा नीट खेळता आलं. बंदीत तेही गेलं, आणि २०२१ ला बीजीएमआयसोबत लाईट आलं नाही. दोन जीबी रॅम लागेल असं कंपनीनं सांगितलं होतं. तेवढी रॅम असून फोन तापायचा ते वेगळंच. पूर्ण झाल्यावर तक्रार केली तर कोण ऐकतं? कच्चा असताना आपल्या भागातल्या पाचपंचवीस फोनवर चालवून बघितला असता तर कुणाला तरी कळलं असतं की अहमदपूर, कंधार, उदगीरला पण गिऱ्हाईक राहतंय. म्हणून माझं मत: अर्ली ॲक्सेस द्यावा, पण फुकट किंवा स्वस्त, काय चालतं आणि काय चालत नाही ते वर स्पष्ट लिहून, आणि शहराबाहेरच्या माणसाच्या हातात आधी.

त्या पोराला रात्री फोन करून एवढं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तसं पण गुगलचा नियमच आहे. नवीन वैयक्तिक खातं असलं की प्ले स्टोअरला टाकायच्या आधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते." बारापैकी सात जण त्याला पुण्यातच मिळाले होते, सगळे हॉस्टेलमधले, सगळ्यांचे फोन नवे. मी म्हणालो, उरलेले पाच इथले घे.

आज सकाळी त्यानं यादी पाठवली. पाचही आपल्या तालुक्यातले. एकाच्या फोनची काच तडकलेली आहे, एकाच्या फोनमध्ये गॅलरी रिकामी केल्याशिवाय काहीच डाउनलोड होत नाही, आणि एक फोन त्याच्या आजीचा आहे, तो संध्याकाळी सातनंतरच मिळतो.