अनेक हातांचा हिशेब

शेतावर मजूर वाढविले म्हणजे काम त्याच प्रमाणांत लवकर उरकतें, अशी आपली सामान्य समजूत असते. पण विळे अपुरे असले, किंवा खळें एकच असलें, तर निम्मे मजूर बांधावर बसून राहतात आणि रोज मात्र सर्वांचा द्यावा लागतो. उपग्रहांनीं टिपलेल्या चित्रांचा हिशेब ज्या संगणकांनीं केला, त्यांनाही हाच अनुभव आला.

२३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. १८५ किलोमीटर लांबरुंद प्रदेशाच्या त्याच्या एका चित्रांत सुमारें ७५ लाख बिंदू असत, व प्रत्येक बिंदूचें मोजमाप चार निरनिराळ्या प्रकाशपट्ट्यांत घेतलेलें असे. असल्या कामासाठीं केनेथ बॅचर यांनीं आंखलेलें एक यंत्र १९८३ सालीं मेरीलँडमधील गॉडर्ड अंतराळ केंद्रांत दाखल झालें. त्यांत १६,३८४ लहान प्रोसेसर १२८ गुणिले १२८ अशा चौकटींत मांडलेले होते, आणि सर्वांना एका क्षणीं एकच हुकूम सुटे. प्रत्येक बिंदूवर तीच क्रिया करावयाची असेल तेथें ही शिस्त फार उपयोगी पडे. पण मोजक्या बिंदूंपुरतें वेगळें काम निघालें कीं बाकीचे प्रोसेसर रिकामे राहत.

त्याच केंद्रांत १९९४ सालीं टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं उलट वाट धरली. बाजारांत मिळणारे साधे प्रोसेसर घेऊन, असे १६ संगणक तारांनीं जोडून, त्यांनीं ‘बेओवुल्फ’ समूह उभारला. येथें प्रत्येकाला स्वतंत्र काम देतां येई. पण कोणाला किती द्यावें, ही विवंचनाही त्याबरोबर आली. जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालींच बजावलें होतें कीं, कामाचा जो भाग वांटतां येत नाहीं तोच अखेर वेगाची मर्यादा ठरवितो. असा भाग एकदशांश असेल, तर प्रोसेसर कितीही लावले तरी वेग दहापटीच्या पलीकडे जात नाहीं.

दुसरी अडचण रेंगाळणाऱ्या यंत्राची. गूगलचे जेफ्री डीन व संजय घेमावत यांनीं २००४ सालीं तिच्यावरील तोड मांडली: काम संपत आलें कीं मागें राहिलेले तुकडे दुसऱ्या यंत्रांनाही द्यावे, आणि जो आधीं संपवील त्याचें उत्तर घ्यावें. ही तजवीज बंद ठेवतांच त्यांच्या एका चांचणीस ४४ टक्के अधिक वेळ लागला.

लँडसॅटचा संग्रह २००८ सालीं विनामूल्य करण्याचें ठरलें, आणि २०१३ सालीं मेरीलँड विद्यापीठाचे मॅथ्यू हॅन्सन व त्यांचे सहकारी यांनीं ६,५४,१७८ चित्रांवरून जगांतील वनांचा हिशेब प्रसिद्ध केला. २००० ते २०१२ या काळांत २३ लाख चौरस किलोमीटर वन नष्ट झाल्याचें त्यांतून दिसलें. त्यासाठीं दहा लाख प्रोसेसर-तास लागले. एकट्या प्रोसेसरला त्यास ११४ वर्षें लागतीं. १०,००० संगणकांवर तें कांहीं दिवसांत उरकलें, कारण चित्राचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याची वाट न पाहतां तपासतां येत होता.

महापुराचें चित्र पाणी ओसरल्यावर हातीं आलें तर बुडणाऱ्या गांवाला त्याचा उपयोग नाहीं. म्हणून प्रोसेसर किती आहेत हें विचारण्यापूर्वीं त्यांतील किती खरोखर कामांत आहेत, हें पाहणें अगत्याचें आहे.