बहिणीचं हक्कसोडपत्र : सही करण्याआधी गट नंबर बघा

वडिलांच्या माघारी वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं लागली की हक्कसोडपत्राचा विषय निघतोच. हक्क सोडता येतो तो सहहिस्सेदाराच्याच नावे. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर इथं चालत नाही. दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. वडिलोपार्जित मिळकतीसाठी भावाबहिणींत मुद्रांक शुल्क ५०० रुपये. नंतर तलाठ्याकडे फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

खरी गोम मजकुरात असते. साडीचोळी करून घाईत सही घ्यायची रीत अजून गेलेली नाही. ‘सर्व मिळकत’ असं मोघम लिहिलेलं असेल तर शेताबरोबर घर आणि विहिरीतला हिस्साही जातो. म्हणून गट नंबर, क्षेत्र बहिणीने स्वतः वाचून घ्यावं. नोंदणीनंतर नुसतं मन बदललं म्हणून दस्त फिरत नाही. फसवणूक झाली असेल तर ती दिवाणी कोर्टात शाबीत करावी लागते.