हैदराबादला फुटबॉल संघ परत मिळेल का?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि पलटणी यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय फुटबॉलचा आहे. विषय बदलला म्हणून कुणी रागावू नका, कारण माझ्या दृष्टीने हाही इतिहासच आहे, आणि फौज त्यात मधूनमधून येणारच आहे.

निवृत्तीनंतर मी सिकंदराबादजवळ सैनिकपुरीत राहायला आलो. इथे सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्मे लोक माजी सैनिक. ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की हैदराबाद एफसी हा संघ दिल्लीला जातोय आणि त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली होणार. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त सुभेदार साहेबांनी मला गाठलं आणि विचारलं, "सर, अब अपनी टीम वापस कब आएगी?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मग घरी येऊन विचार करत बसलो. त्या प्रश्नाचं जे उत्तर मला सापडलं, ते आज सांगतो.

आधी हा संघ आला कुठून ते पाहू. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात पुण्याचा संघ होता, एफसी पुणे सिटी. घरचं मैदान बालेवाडी. २०१७-१८ च्या हंगामात त्यांनी उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये पैशांच्या अडचणीत तो संघ बंद पडला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. बरेचसे खेळाडू पुण्याहूनच आले, प्रशिक्षक फिल ब्राऊनसुद्धा. योगायोग बघा, त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज हा संघ उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे २०१९ मध्ये दिल्लीने संघ गमावला, हैदराबादने मिळवला. सहा वर्षांनी हैदराबादने गमावला, दिल्लीने मिळवला. आणि पुणे? पुण्यात एके काळी एकाच हंगामात तीन व्यावसायिक संघ होते, पुणे एफसी, भारत एफसी आणि पुणे सिटी. त्यातला आज एकही नाही.

फौजेत असताना आम्ही दोन-तीन वर्षांनी बिस्तरा बांधायचो. पोस्टिंगची ऑर्डर आली की निघालो. ज्या गावात राहायचो तिथले लोक प्रेमाने वागायचे, पण आम्ही त्या गावचे नव्हतो आणि हे दोघांनाही माहीत असायचं. हैदराबाद एफसी या शहरात पोस्टिंगवर आला होता, असं मी म्हणतो. आणि हे म्हणताना मला वाईट वाटतं, कारण या शहराने कधीकाळी स्वतःच्या घरात असा संघ उभा केला होता की अख्ख्या देशाने तोंडात बोटं घालावीत.

तो संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. आणि त्यामागचा माणूस सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' नावाचा चित्रपट २०२४ मध्ये आला, अजय देवगण त्यात रहीमसाहेब झाला होता, त्यामुळे हे नाव आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चित्रपटात सगळा भर राष्ट्रीय संघावर आहे. मला इथे शहराच्या संघाबद्दल बोलायचंय.

रहीमसाहेब १९०९ चे, हैदराबादचेच. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशाने शाळामास्तर. काचीगुडा, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवलं. १९५० मध्ये त्यांनी सिटी पोलीसच्या संघाचं प्रशिक्षण हाती घेतलं ते १९६३ मध्ये मृत्यू होईपर्यंत. तेरा वर्षं, एक शहर, एक संघ. आजच्या लीगमध्ये प्रशिक्षक तेरा महिने टिकला तरी पुष्कळ.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. शहरात ते अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात चेंडू पायाशी ठेवून पळायला मनाईच. चेंडू आला की लगेच पास द्यायचा. हिंदुस्थानी खेळाडूला चेंडू नाचवायची हौस फार, ती मोडायला हा मास्तरी उपाय. ज्याचा एकच पाय चालतो त्याच्याकडून दुसऱ्या पायाने खेळवून घ्यायचे. म्हणजे सिटी पोलीसचा संघ ज्या खाणीतून यायचा, ती खाणच त्यांनी खणून ठेवली होती. गल्लीतला मुलगा, शाळेचा संघ, शहराची लीग, मग पोलीस.

आणि पोलीस म्हणजे नोकरी. हे नीट समजून घ्या. त्या काळी खेळाचा पगार नव्हता. खेळाडूला खात्यात भरती करून घ्यायचे, महिन्याला पगार, पुढे पेन्शन. पाय मोडला तरी चूल विझत नसे. खेळाडू रोज सकाळी सरावाला यायचा त्यामागे रहीमसाहेबांचा धाक होताच, पण ही नोकरीही होती.

निकाल काय झाला? मुंबईचा रोव्हर्स कप हा त्या काळातल्या सर्वात मानाच्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजच्या मैदानावर हैदराबादच्या पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं जिंकला. मुंबईतले आमचे वडीलधारे 'हैदराबादचे पोलीस' म्हटलं की अजून डोळे मोठे करायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. १९५० चा ड्युरंड करंडक त्यांनी मोहन बागानला हरवून जिंकला, आणि पुढे आणखी तीनदा, त्यातला शेवटचा १९६१ मध्ये, तेव्हा संघाचं नाव आंध्र पोलीस झालं होतं. संतोष करंडक हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ असा लागोपाठ दोनदा घेतला, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात हैदराबादी खेळाडूंचा भरणा होता. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं रहीमसाहेबांच्याच प्रशिक्षणाखाली आली. १९६२ मध्ये जकार्तात ते कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले.

आता फौजेचा भाग. सिकंदराबाद ही जुनी छावणी. छावणी आली की मैदानं आली, आणि मैदानाच्या कडेला उभी राहून बघणारी आजूबाजूच्या वस्तीतली पोरं आली. तुलसीदास बलराम अम्मुगुडाचा. अम्मुगुडा माझ्या घरापासून जवळच आहे, तिथलं छोटं रेल्वे स्टेशन मी रोज ओलांडतो. तिथला गरीब घरातला मुलगा मेलबर्नला गेला, रोमला गेला, जकार्ताचं सुवर्णपदक घेऊन आला. पीटर थंगराज इथलाच. सिकंदराबादच्या स्थानिक क्लबांतून खेळायला लागला, मग मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाला. सुरुवातीला पुढच्या फळीत खेळायचा, नंतर गोलकीपर झाला आणि आशियात नाव काढलं. मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ मध्ये ड्युरंड जिंकला तो त्याच्याच काळात. माझ्या सेवेत जुने जेसीओ त्याच्या उंचीच्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या किती खऱ्या, देव जाणे.

मग ही खाण आटली कशी? एकदम नाही. चांगले पोरगे कोलकात्याला जायला लागले, कारण तिथे पैसा होता आणि रोज मैदान भरत होतं. बलराम १९५७ मध्येच ईस्ट बंगालला गेला. पुढे नईमुद्दीन गेला, महंमद हबीब गेला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्य मिळवलं, तेव्हा कर्णधार हाच नईमुद्दीन आणि हबीबही संघात. दोघं हैदराबादचे, पण नाव झालं ते कोलकात्याच्या क्लबांतून. रहीमसाहेबांनंतर शहराची घडी सांभाळणारं त्यांच्या तोडीचं कुणी उरलं नाही. क्रिकेटचा जमाना आला. खात्यातल्या संघांना उतरती कळा सगळ्या देशातच लागली. त्यानंतरची काही दशकं मी झरझर ओलांडतो, कारण सांगण्यासारखं फार थोडं आहे.

म्हणून २०१९ मध्ये हैदराबाद एफसी आला तेव्हा मी खूष झालो होतो, खोटं कशाला बोलू. गच्चीबावलीच्या स्टेडियमवर पहिला घरचा सामना होता, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध. सैनिकपुरीहून गच्चीबावली म्हणजे शहराचं दुसरं टोक, जायला दीड तास लागला. आपण २-१ ने जिंकलो. 'आपण' हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप आला. बाकी तो हंगाम वाईट गेला, संघ शेवटचा आला. मग कोविड. दोन हंगाम सगळी लीग गोव्यात बंद मैदानांवर झाली. आणि नेमकं त्यातच, २० मार्च २०२२ रोजी, हैदराबादने लीगचं अजिंक्यपद मिळवलं. फातोर्ड्याला अंतिम सामना, पुन्हा केरळ ब्लास्टर्स. अंतिम सामन्याला प्रेक्षकांना परवानगी होती, पण हैदराबादचा माणूस गोव्यात किती असणार? सामना संपत आला तेव्हा गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी साधली आणि पेनल्टीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, मणिपूरची मुलं होती, नायजेरियाचा ओगबेचे होता. हैदराबादच्या मातीतला मात्र त्या दिवशी सुरुवातीच्या अकरांत कुणी नव्हता. शहराने आपलं सर्वात मोठं यश टीव्हीवर पाहिलं, आणि ते मिळवणारा एकही जण त्याच्या गल्लीत राहत नव्हता.

पुढे दोन वर्षांत पगार थकले. खेळाडू सोडून गेले. २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा तळाला गेला, त्यात अकादमीची कोवळी मुलं जवळजवळ एकटी लढली. मला त्या मुलांचं फार वाईट वाटायचं. रसद तुटलेल्या चौकीवर नव्या भरतीची पोरं ठेवावीत तसं ते चाललं होतं. २०२४ मध्ये नवे मालक आले, आणि पुढच्याच वर्षी संघ दिल्लीला गेला. मालकांना मी दोष देत नाही. ज्याचा पैसा, त्याचा निर्णय. पण सिटी पोलीसचा संघ कुणी दिल्लीला नेऊ शकला असता का? नाही, कारण त्याची मुळं खात्याच्या हजेरीपटात आणि शहराच्या शाळांत होती.

आता सुभेदार साहेबांचा प्रश्न. संघ परत येईल का?

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पुन्हा कुणीतरी जागा विकत घ्यायची. लोक याचीच वाट पाहतात. सध्या तर तो रस्ता आणखीच कच्चा आहे. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांचा सातशे कोटींचा व्यापारी करार केला होता, त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली, आणि त्या आधीपासूनच लीग अडकून पडली होती. जिथे लीगचाच पाया हलतो, तिथे नवा पैसेवाला लगेच उडी मारेल असं मला वाटत नाही. मारलीच, तर तीही पोस्टिंगच.

दुसरा रस्ता आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण तिकडे बघत नाही. शहरात श्रीनिधी डेक्कन नावाचा क्लब आहे. जन्म विशाखापट्टणमचा, पण अझीझनगरला डेक्कन अरेना हे स्वतःचं मैदान त्यांनी बांधलंय. आय-लीगमध्ये २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी लागोपाठ दोन वर्षं ते दुसरे आले. आय-लीग जिंकणाऱ्याला आता वर बढती मिळते. २०२३ मध्ये पंजाब वर गेला, २०२४ मध्ये मोहमेडन. हैदराबाद दोन्ही वेळा एका पायरीवर थांबलं. त्या सामन्यांना मी दोनदा गेलो. स्टँडमध्ये सहज पाय पसरून बसता येत होतं. आणि त्याच शहरात डिसेंबर २०२४ मध्ये संतोष करंडकाचे शेवटचे सामने झाले, त्याआधी भारत-मलेशिया सामना झाला. मैदानं आहेत, यजमानपणही येतं.

म्हणून माझा अंदाज असा. पुढच्या दोन-तीन वर्षांत सर्वोच्च लीगमध्ये हैदराबादचं नाव दिसण्याची शक्यता मला कमी वाटते. पण ते परत आलंच, तर ते बढतीनेच यावं, आणि येण्याआधी शहराच्या लीगमध्ये शाळांचे संघ खेळताना दिसावेत. खात्यांनीही थोडं मनावर घ्यावं. पोलीस, रेल्वे, आमची छावणी. वर्षाला दहा मुलांना नोकरी मिळाली तरी अम्मुगुडाच्या एखाद्या बापाला वाटेल की मुलाने चेंडूमागे पळणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे.

हे सगळं मी त्या सुभेदार साहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सर, इतना लंबा इंतज़ार?" मी म्हणालो, रहीमसाहेबांनीही आधी शाळेतच पोरं घडवली होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघं डेक्कन अरेनाला जायचं ठरवलंय, सामना नसला तर मुलांचा सराव तरी बघू. नातवाला बरोबर घेणार आहेत ते.

पुढच्या भागात आपण ड्युरंड करंडकाच्या सुरुवातीकडे जाऊ, १८८८ च्या सिमल्यात, गोऱ्या पलटणींच्या आपसातल्या सामन्यांपाशी. तोपर्यंत नमस्कार.